ऑक्सिजन वाचवून अवकाशप्रवास स्वस्त होणार नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉकेटचे युग आता संपत आले असून यापुढे हवेतला ऑक्सिजन घेणारी विमानासारखी याने उपग्रह कक्षेत नेतील, अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख रंजक आहे, पण त्याचा मूळ हिशेबच तपासून पाहावा असा आहे. ‘इस्रो’च्या स्क्रॅमजेटच्या, म्हणजे ध्वनीच्या कित्येक पट वेगाने जाताना हवा घेऊन चालणाऱ्या इंजिनाच्या, चाचणीचा उल्लेख करून लेखकाने जो निष्कर्ष काढला आहे, तो त्या चाचणीतून निघत नाही. या विषयावर मराठीत क्वचितच लिहिले जात असल्यामुळे दुसरी बाजू जरा सविस्तर मांडत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

लेखाचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. अग्निबाण आपल्या इंधनाबरोबर ते जाळायला लागणारा ऑक्सिजनही पोटात घेऊन उडतो. हा ऑक्सिजन वातावरणात फुकट मिळत असताना तो वाहून नेणे हा शुद्ध अपव्यय आहे, म्हणून हवा घेणारे इंजिन बसवले की यान हलके होईल आणि प्रक्षेपणाचा खर्च एकदम उतरेल. वाटेत ओढे असताना पाण्याची घागर डोक्यावर कोण घेईल, असा दाखलाही लेखकाने दिला आहे. दाखला मला आवडला, पण तो पुढे न्यायला हवा होता. हे ओढे वाटेच्या अगदी सुरुवातीलाच आहेत, आणि पाणी हवे असेल तर चालणाऱ्याला त्यांच्या पात्रातूनच धावावे लागते.

लेखातील एक आकडा बरोबर आहे. प्रक्षेपकातील एकूण प्रणोदकापैकी (इंधन आणि ते जाळणारे द्रव्य मिळून) सुमारे ७० टक्के भाग ऑक्सिडीकारकाचा, म्हणजे ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याचा असतो, असे ‘इस्रो’नेच २८ ऑगस्ट २०१६ च्या चाचणीच्या वेळी म्हटले होते. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून ३,२७७ किलो वजनाचे एक प्रायोगिक यान सोडण्यात आले आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रॅमजेट इंजिन बसवलेले होते. घन इंधनाच्या अग्निबाणाने या यानाला ध्वनीच्या सहापट वेगाला आणि सुमारे वीस किलोमीटर उंचीला नेल्यावर स्क्रॅमजेट पेटली, पाच सेकंद चालली, आणि उड्डाणाला पाच मिनिटे होता होता सारे यान श्रीहरिकोट्यापासून सुमारे ३२० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात पडले. स्क्रॅमजेटमध्ये हवा ध्वनीपेक्षा जास्त वेगाने वाहत असतानाच तिच्यात हायड्रोजन मिसळून तो पेटवावा लागतो, आणि हवेचा प्रत्येक कण ज्वलनकक्षातून साधारण एक-दोन सहस्रांश सेकंदात पार होतो. एवढ्या अवधीत ज्योत विझू न देणे हे मोठेच काम आहे आणि ते करणारा भारत जगातला चौथा देश ठरला. त्या पाच सेकंदांचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही.

मात्र त्या यानाला सहापट वेगापर्यंत कोणी नेले, हेही पाहायला हवे. अग्निबाणाने नेले, आणि त्याला पर्याय नव्हता. ध्वनीच्या चार-पाचपट वेगाच्या खाली स्क्रॅमजेट उपयोगी रेटा देऊ शकत नाही, कारण समोरून येणारी हवा केवळ वेगाच्या जोरावर दाबली जाणे हाच तिचा कॉम्प्रेसर असतो. धावपट्टीवर उभ्या असलेल्या यानाला ती एक इंचही हलवू शकत नाही.

आता वरच्या टोकाकडे पाहू. पृथ्वीच्या निम्न कक्षेत टिकायचे तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. वीस किलोमीटर उंचीवर ध्वनीचा सहापट वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेदोन किलोमीटर होतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सहापट वेगाला पोचलेल्या यानाकडे कक्षेसाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या फक्त पाच टक्के ऊर्जा असते. हवा घेणाऱ्या इंजिनाने आजवर गाठलेला सर्वाधिक वेग ‘नासा’च्या एक्स-४३ए या बिनवैमानिक यानाच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००४ रोजी ते ध्वनीच्या साधारण ९.६ पट वेगाने गेले आणि तेही सुमारे दहा सेकंदच. त्यालाही आधी बी-५२ विमानाने उंच नेले होते आणि नंतर पेगासस अग्निबाणाने वेग दिला होता. तो वेग धरला तरी कक्षेच्या ऊर्जेचा हिशेब पंधरा टक्क्यांच्या आसपासच थांबतो. उरलेले पंचाऐंशी टक्के काम अग्निबाणाने, सोबत नेलेल्या ऑक्सिजनवरच करायचे आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. अग्निबाणाचे बहुतेक वजन तर त्या पहिल्या टप्प्यातच जळून जाते, मग तेवढाच टप्पा हवेवर चालवला तर वजनाची मोठी बचत होणार नाही का? होईल, आणि गेली साठ वर्षे ही कल्पना पुनःपुन्हा डोके वर काढते ती याच कारणाने. पण वजन वाचणे आणि पैसा वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बचतीसाठी काय काय सोसावे लागते, याकडे लेखाने पूर्ण डोळेझाक केली आहे.

हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजनचा, जो जळत नाही पण इंजिनाला गिळावा मात्र लागतो. यान सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने जात असेल, तर आत घेतलेला प्रत्येक किलो हवा मागच्या बाजूने त्याहून अधिक वेगाने बाहेर फेकली तरच पुढे रेटा मिळतो. एक किलो हवेत जेवढा हायड्रोजन पुरता जळू शकतो त्यातून साधारण ३.५ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, आणि ध्वनीच्या साडेआठपट वेगाच्या आसपास समोरून येणाऱ्या एक किलो हवेची स्वतःची गतिज ऊर्जाही तेवढीच असते. त्यापुढे इंजिनात ज्वलनाने पडणारी भर ही येणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी होत जाते. आत घेताना आणि बाहेर सोडताना त्या प्रवाहात थोडी जरी गळती झाली, तरी सगळा नफा त्यातच जातो. इंजिनाने निर्माण केलेला रेटा आणि हवेचा विरोध या दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी करून जी किरकोळ शिल्लक राहते, तिच्यावर यानाचा वेग वाढवायचा असतो.

अग्निबाणाला ही वजाबाकी करावी लागत नाही. तो सरळ वर चढतो आणि जड वातावरणातून लवकरात लवकर निसटतो. आपल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाचे दोन घन बूस्टर दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात जळून गळून पडतात, तेव्हा तो साठ किलोमीटरच्या वर गेलेला असतो. हवेच्या विरोधापायी अग्निबाणाचा वाया जाणारा वेग सेकंदाला फार तर शे-दीडशे मीटर असतो. हवा घेणाऱ्या यानाला याच्या नेमके उलट वागावे लागते, कारण हवा हेच त्याचे अन्न आहे. वीस ते पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात कित्येक मिनिटे रेंगाळत वेग वाढवणे त्याला भाग असते आणि त्या सर्व काळात त्याचे नाक, पंखांच्या कडा आणि इंजिनाचे तोंड तापत असते. सहापट वेगाला अडलेल्या हवेचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. दहापटीला ते याच्या दुपटीहून अधिक होते. या उष्णतेपासून बचावाची आवरणे, पंख, चाके, शिवाय शून्यापासून चारपट वेगापर्यंत नेणारे एक इंजिन आणि वातावरणाबाहेर चालणारे आणखी एक, असा सगळा संसार बरोबर घ्यायचा. लढाऊ विमानाचे उत्तम जेट इंजिन स्वतःच्या वजनाच्या आठ-दहापट रेटा देते, तर स्पेसएक्सचे मर्लिन हे रॉकेट इंजिन दीडशेपटीहून अधिक. टाकीतला ऑक्सिजन वाचवून ती बचत लोखंड-निकेलच्या रूपाने परत यानावरच चढवण्याचा हा प्रकार आहे.

आता ऑक्सिजनच्या किमतीकडे वळतो. द्रव ऑक्सिजन म्हणजे काय हे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर लादलेली रेल्वेगाडी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाली, तेव्हा सगळे राज्य तिची वाट पाहत होते. त्या दिवसांत तुटवडा होता तो टँकरचा आणि वेळेचा; पोलाद कारखान्यांत हवा थंड करून द्रव ऑक्सिजन वेगळा काढणे हे रोजचे, घाऊक काम आहे. वैद्यकीय द्रव ऑक्सिजनची कारखान्यातील कमाल किंमत केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये ठरवून दिली होती, ती घनमीटरला १५ रुपये २२ पैसे, करांशिवाय. किलोच्या भाषेत हे अकरा-बारा रुपये झाले. एलव्हीएम-३ च्या वरच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) टप्प्यात एकूण २८ टन प्रणोदक असते, पैकी साधारण २३ टन द्रव ऑक्सिजन. त्या दराने या सगळ्या ऑक्सिजनची किंमत होते अडीच-पावणेतीन लाख रुपये. शुद्धता, वाहतूक, उडून जाणारी वाफ हे सगळे धरून ती दसपट मानली, तरी पंचवीस-तीस लाखांच्या पुढे जात नाही. याच प्रक्षेपकाच्या दहा उड्डाणांसाठी २०१८ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,३३८ कोटी रुपये मंजूर केले होते, म्हणजे एका उड्डाणाला सव्वाचारशे कोटींहून अधिक. या रकमेत ऑक्सिजनचा वाटा शोधायला भिंग लागेल.

पैसा जातो तो धातूत, यंत्रकामात, तपासणीत आणि माणसांच्या वेळेत. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये तयार होणारी इंजिने असोत की इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडणारी घन टप्प्यांची अवाढव्य आवरणे असोत, महिनोन्‌महिने खपून काटेकोर मापात केलेले हे काम काही मिनिटांच्या उड्डाणानंतर समुद्राच्या तळाशी जाते. खरा अपव्यय तिथे आहे.

टाकीचाही मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी काढत नाही. एक लिटर द्रव ऑक्सिजनचे वजन १.१४ किलो, तर एक लिटर द्रव हायड्रोजनचे अवघे सत्तर ग्रॅम. म्हणजे ऑक्सिजन जड असला तरी लहान जागेत मावतो आणि त्याची टाकी तुलनेने हलकी होते. स्क्रॅमजेट यानाला मात्र प्रामुख्याने हायड्रोजनच हवा असतो, त्यामुळे यानाचा आकार फुगतो. फुगलेला आकार हवेत अधिक विरोध सोसतो आणि त्या विरोधावर मात करायला आणखी हायड्रोजन लागतो. स्वस्त, घट्ट वस्तू टाळून महागडी, पसरट वस्तू जास्त न्यायची, असा हा सौदा आहे.

हे सगळे कागदावरचे आक्षेप आहेत, करून पाहिल्याशिवाय कसे कळणार, असे कोणी म्हणेल. करून पाहिले आहे. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी काँग्रेसपुढील भाषणात, वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावरून उडून ध्वनीच्या पंचवीसपट वेगाने कक्षेत जाणाऱ्या किंवा दोन तासांत टोकियो गाठणाऱ्या विमानाची घोषणा केली होती. एक्स-३० नावाच्या त्या प्रकल्पावर प्रचंड खर्च झाला, आणि एकही यान न बांधता १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो गुंडाळला गेला. आपल्याकडेही ‘डीआरडीओ’ या संरक्षण संशोधन संस्थेशी संबंधित अभियंत्यांनी १९९८ मध्ये ‘अवतार’ नावाची कल्पना मांडली होती. त्यात यान उडता उडता हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून त्याचा द्रव करून साठवणार होते. ती कागदाबाहेर आली नाही.

या सर्वांत सर्वांत कसदार प्रयत्न ब्रिटिशांचा होता आणि त्याला चार ओळी जास्त द्यायला हव्यात. १९८० च्या दशकातील ‘होटॉल’ या यानाला सरकारी पैसा मिळणे बंद झाल्यावर ॲलन बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये रिअॅक्शन इंजिन्स ही कंपनी काढली. त्यांना स्क्रॅमजेटचा मोह नव्हता. साधारण पाचपट वेगापर्यंतच हवा घ्यायची, ती आत येताच झटकन थंड करायची, दाबून रॉकेटच्या ज्वलनकक्षात पाठवायची, आणि त्यापुढे त्याच इंजिनाने टाकीतल्या ऑक्सिजनवर कक्षा गाठायची, अशी त्यांच्या ‘सेबर’ इंजिनाची रचना होती. सगळा जीव त्या थंड करणाऱ्या यंत्रात होता. केसाहून पातळ भिंतींच्या हजारो नळ्यांचे ते वेटोळे होते, आणि सुमारे हजार अंश तापलेली हवा त्यातून एका सेकंदाच्या विसाव्या भागात थंड व्हायला हवी होती. २०१९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो येथे झालेल्या जमिनीवरील चाचणीत पाचपट वेगाला येईल तेवढ्या उष्णतेत ते यंत्र खरोखर चालले. अभियांत्रिकीचा तो अस्सल विजय होता. तरीही ऑक्टोबर २०२४ अखेर कंपनी दिवाळखोरीत निघाली. यंत्र चालत होते. पण त्यावर इंजिन, इंजिनावर यान आणि यानावर धंदा उभा करायला लागणारा पैसा पुढे करायला कोणी तयार नव्हते, कारण एव्हाना तेच काम दुसऱ्या मार्गाने होऊ लागले होते.

विमानाच्या पोटाखालून रॉकेट सोडण्याचा मधला मार्गही लेखात सुचवला आहे. पेगासस १९९० पासून तसे उडाले आणि त्याच्या आकाराच्या मानाने ते महागच राहिले; असेच रॉकेट सोडणारी व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी २०२३ मध्ये बुडाली. विमान देते तो वेग कक्षेच्या वेगाच्या तीन-चार टक्के, एवढेच सांगून हा मुद्दा सोडतो.

दुसरा मार्ग म्हणजे पहिला टप्पा परत आणणे. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उपग्रह सोडण्याच्या कामगिरीनंतर जमिनीवर उभा उतरला आणि मार्च २०१७ मध्ये असाच वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. तो टप्पा वरच्या टप्प्याला सोडतो तेव्हा त्याचा वेग ढोबळमानाने तोच असतो, जिथपर्यंत हवा घेणारे इंजिन न्यावे अशी त्याच्या पुरस्कर्त्यांची अपेक्षा असते. तो ते काम केरोसीन आणि स्वस्त ऑक्सिजन भरपूर जाळून, हवेबाहेर पटकन पडून, अडीच-पावणेतीन मिनिटांत उरकतो आणि पुन्हा कामाला येतो. काही टप्पे तर वीसहून अधिक वेळा वापरून झाले आहेत. परतीसाठी इंधन राखून ठेवल्यामुळे त्याची वाहून नेण्याची क्षमता घटते, म्हणजे वजनाच्या हिशेबात तो मुद्दाम तोटा पत्करतो. लेखकाच्या कसोटीवर हे यान नापास व्हायला हवे होते.

‘इस्रो’ची पावलेही, माझ्या मते, योग्य दिशेला पडत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपये मंजूर केलेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा परत वापरता येणारा असेल, तो निम्न कक्षेत ३० टन नेईल, आणि एलव्हीएम-३ च्या तिप्पट क्षमता दीडपट खर्चात देईल, अशी योजना आहे. त्यात मिथेन आणि द्रव ऑक्सिजन वापरला जाणार आहे; हवा घेणारे इंजिन नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यात हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवलेल्या ‘पुष्पक’ या पंखवाल्या प्रायोगिक यानाच्या २०२३ आणि २०२४ मधील तीन चाचण्या परतीच्या तंत्रासाठी उपयोगी आहेत. त्याच मालिकेत पुढे स्क्रॅमजेटच्या प्रयोगाचाही बेत आहे. तो करावा, पण त्याच्यापायी नव्या प्रक्षेपकाचा एक रुपया किंवा एक अभियंताही हलवू नये.

मग स्क्रॅमजेट निरुपयोगी का? अजिबात नाही, तिचे घर वेगळे आहे. ज्याला हवेतच राहून दूर जायचे आहे, त्याला हवा घेणे परवडते. ब्रह्मोस क्षेपणास्त्र घन बूस्टरने सुरू होते आणि पुढचा सगळा पल्ला रॅमजेट या हवा घेणाऱ्याच इंजिनावर कापते, ते याचसाठी. ‘डीआरडीओ’ने सप्टेंबर २०२० मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडवलेल्या यानात स्क्रॅमजेट वीस सेकंदांहून अधिक चालली, आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेत तिचा ज्वलनकक्ष जमिनीवर एक हजार सेकंदांहून अधिक काळ चालवून पाहिला गेला. हे संरक्षणाचे काम आहे, त्याचे मोजमाप आणि अंदाजपत्रक संरक्षणाच्या खात्यात व्हावे. क्षेपणास्त्राच्या इंजिनाला स्वस्त अवकाशप्रवासाचे लेबल लावून वाचकांसमोर ठेवले की दोन्ही विषयांची सरमिसळ होते, आणि मग ‘वीस वर्षे झाली, कुठे आहे ते विमान’ असे विचारत लोक चांगल्या कामालाही नावे ठेवतात.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे अशा चाचणीची बातमी देताना इंजिन पेटले तेव्हाचा वेग त्याला कोणी मिळवून दिला, ते चालू असताना यानाचा वेग प्रत्यक्षात वाढला की नुसता टिकला, आणि परत हाती काय आले, एवढी तीन उत्तरे मिळवून छापावीत. २०१६ च्या बातम्यांत पहिले उत्तर होते, पण बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या परिच्छेदात गेले होते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
(निवृत्त अध्यापक, यंत्र अभियांत्रिकी), सांगली